शब्दकोडे रचताना या चुका टाळा

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी किंवा कॉलनीच्या दिवाळी अंकासाठी कोडे रचायला बसलेला नागपूरकर हौसेने पहिला शब्द ‘सीताबर्डी’ लिहितो आणि तिथेच रुततो. सी, ता, ब इथवर ठीक. चौथ्या घरातल्या ‘र्डी’चे काय करायचे? त्या अक्षराने सुरू होणारा उभा शब्द मराठीत नाही, आणि संपणारा शोधू म्हटले तर थेट ‘शिर्डी’पर्यंत जावे लागते.

शब्द आवडला म्हणून चौकटीत घालणे, ही पहिली चूक. तो दुसऱ्या शब्दाला वाट देतो का, हे आधी बघा. ‘मारबत’ बघा कसा सरळ आहे: मा, र, ब, त. चारही घरांतून माती, रवा, बदक, तवा असे सहज खाली उतरता येते. ‘अंबाझरी’ही तसाच गुणी. ‘फुटाळा’ मात्र जपून वापरा. मराठी शब्द ‘ळ’ने सुरू होत नाहीत, ‘ण’नेही जवळजवळ नाहीतच. त्यामुळे असा आडवा शब्द सगळ्यात वरच्या ओळीत मांडला की ‘ळा’च्या खाली काळा चौकोन द्यावाच लागतो. तोच शब्द खालच्या ओळीत न्या. वरून ‘शाळा’ किंवा ‘उन्हाळा’ आरामात येऊन टेकतो.

इंग्रजी कोड्याची चौकट जशीच्या तशी उचलणारेही पुष्कळ. आर्थर विन यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आले, तेव्हापासून इंग्रजी रचनाकाराला २६ अक्षरांतच खेळायचे असते. आपल्याकडे एका घरात मात्रेसह अख्खे अक्षर बसते. ३४ व्यंजने आणि बाराखडी एवढाच हिशेब केला तरी ४०० च्या वर अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. अमेरिकन पद्धतीत प्रत्येक घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत असते. तो हट्ट मराठीत धरलात तर ‘खग’, ‘नग’, ‘रव’ असली मेलेली भरती करावी लागते. काळे चौकोन थोडे जास्त पडले तर पडू द्या.

आता ऱ्हस्व-दीर्घ. सगळ्यात जास्त कोडी इथे फसतात. ‘नागपूर’मधला ‘पू’ दीर्घ, म्हणून त्यातून ‘पूजा’ खाली जाईल, ‘पुस्तक’ जाणार नाही. ‘पुस्तक’च हवे असेल तर आडवा शब्द ‘नागपुरी’ करा. तसेच ‘गुरू’चे: सुटा असताना शेवटी ‘रू’, पण ‘गुरुदक्षिणा’त ‘रु’. अडलेला रचनाकार इथे हळूच डोळेझाक करतो आणि सोडवणाऱ्याला वाटते, आपलेच उत्तर चुकले. सूट द्यायचीच असेल तर कोड्याच्या वर स्पष्ट छापा. माझ्या मते देऊच नये.

सूत्रांत वेगळा घोळ होतो. ‘कमळ (३ अक्षरे)’ असे दिले की पंकज, सरोज, नीरज, जलज, अंबुज सगळेच हजर. बरे, आडव्या-उभ्याची गाठ नेमकी शेवटच्या ‘ज’वर असेल तर तिचा उपयोग शून्य. गाठ पहिल्या किंवा दुसऱ्या घरात आणा, नाहीतर सूत्र बदला: ‘चिखलात जन्मलेले’ म्हटले की पंकजच. ‘नागपूरचे प्रसिद्ध फळ (२)’ हेही फसवे. कुणी संत्रे लिहील, कुणी संत्रा, कुणी संत्री. सूत्रातच एकवचन की अनेकवचन ते कळायला हवे, आणि बोलीतला शब्द हवा असेल तर तेही.

बोलीची गंमत जरूर घ्या, पण इशारा देऊन. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्याच्या मावशीला कसे कळावे? ती बिचारी इडलीचा विचार करत बसेल. ‘वैदर्भीय कोथिंबीर’ एवढे लिहिले तरी पुरते. अंक फक्त नागपूरच्या महाल-धंतोलीत वाटायचा असेल तर एवढीही गरज नाही.

संगणकावर चौकट करताना अक्षरे मोजायचे काम त्याच्यावर सोडू नका. आपल्या लेखी ‘स्त्री’ हे एक घर. युनिकोडमध्ये मात्र स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा तुकडे. इंग्रजीसाठी बनवलेली साधने असे तुकडे वेगवेगळ्या घरांत टाकू शकतात. वहीत पेन्सिलीने रचा, टाइप शेवटी करा.

आकडेही शेवटीच घाला. एक काळा चौकोन हलवला की पुढची सगळी क्रमवारी सरकते, आणि सूत्र ९ चे उत्तर घर १० मध्ये जाऊन बसते. वरच्या ओळीपासून डावीकडून उजवीकडे जात, जिथे शब्द सुरू होतो तिथेच आकडा. एकाच घरातून आडवा आणि उभा दोन्ही निघत असतील तर दोघांना मिळून एकच. मग सूत्रांची यादी त्या आकड्यांवर बोट ठेवून पुन्हा एकदा जुळवा, आणि उत्तरांची चौकट छापायला देण्याआधी तीही.