गार्डाचा जुना डबा आतून कसा पाहावा आणि कसा राखावा

हुबळीच्या रेल्वे संग्रहालयात किंवा आणखी कुठे जपलेली ब्रेक व्हॅन, म्हणजे गाडीच्या शेवटचा गार्डाचा डबा, दिसली, तर आधी रुळांमधलं अंतर मोजा. १००० मिलिमीटर भरलं तर मीटरगेज, १६७६ भरलं तर ब्रॉडगेज. मिरज-बेळगाव-लोंढा मार्ग मुळात मीटरगेजचा. सदर्न मराठा रेल्वेने तो बांधला आणि १९०८ पासून कंपनीचं नाव मद्रास अँड सदर्न मराठा झालं.

आत शिरल्यावर हँडब्रेकचं चाक शोधा. त्याखालचा उभा स्क्रू फिरला की दांड्या ओढल्या जातात आणि ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबले जातात. शेजारी व्हॅक्यूमचं, म्हणजे ब्रेकच्या नळीतला निर्वात मोजणारं घड्याळ असतं. गाडी धावताना इंजिनात साधारण ५३ सेंटिमीटर (पाऱ्याच्या उंचीत), गार्डाकडे ४७. उभ्या डब्यात काटा शून्यावर असतो, तो बिघाड नव्हे! निर्वात गेला की ब्रेक लागतो, म्हणून गार्डाला नुसती झडप उघडूनही गाडी थांबवता येई.

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात डबा सडतो तो कडेने. पत्रा आणि लाकडी फळी यांच्या फटीत पाणी अडतं. पावसाळ्याआधी छताचे सांधे बंद करा, पण तळाची निचऱ्याची भोकं बुजवू नका. गंज तारेच्या ब्रशने खरवडा, प्रायमर द्या, मगच रंग. स्क्रूला ग्रीस लावण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी अडणी लावा, कारण ब्रेक सैल झाला की उतारावर डबा सरकतो. टेल लॅम्पचे, म्हणजे मागच्या लाल दिव्याचे हूक मात्र रंगाने लिंपू नका.