पॅकिंगच्या प्लॅस्टिकचा ईपीआर हिशोब कसा मांडायचा

बाजारात सोडलेल्या प्लॅस्टिक वेष्टनाच्या पुनर्चक्रणाचा भार उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालकांनी उचलायचा, यालाच ईपीआर म्हणजे विस्तारित उत्पादक जबाबदारी म्हणतात. प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापनाच्या फेब्रुवारी २०२२च्या दुरुस्ती नियमांनी ती पक्की केली. सूक्ष्म आणि लघु ब्रँडमालकांना सूट आहे. मसाले, लोणची विकणारा मध्यम उद्योग मात्र यात येतो.

नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते. काम एक-दोन राज्यांत असेल तर अर्ज राज्य मंडळाकडे, जास्त राज्यांत असेल तर केंद्रीय मंडळाकडे. महाराष्ट्र-गोव्यापुरता धंदा आहे असं समजणाऱ्यांनी ऑनलाइन ऑर्डरी आधी तपासाव्यात.

मग प्रत्येक वेष्टनाचा वर्ग ठरवा. बाटली, बरणी, झाकण म्हणजे वर्ग १. निव्वळ प्लॅस्टिकचे पाऊच, एकथरी असोत की अनेकथरी, वर्ग २. प्लॅस्टिकसोबत अ‍ॅल्युमिनियम फॉइल किंवा कागदाचा थर असेल तर वर्ग ३. खोक्यांवरची श्रिंक फिल्म वर्ग २ मध्ये येते आणि हमखास राहून जाते, कारण तिची खरेदी पॅकिंगच्या खात्यात दिसत नाही.

खरी मेहनत वजनात आहे. पाऊचच्या फिल्मचा रोल किलोवर येतो, तिथे बिल पुरतं. बरण्या नगावर येतात, म्हणून १०० नग काट्यावर ठेवा, झाकणं वेगळी. १८ ग्रॅमची बरणी अंदाजाने २० धरली, तर १० लाख नगांमागे २ टनांचा फुकट भुर्दंड बसतो.

समजा वर्ग २ची खरेदी २०२३-२४ मध्ये ४० टन, २०२४-२५ मध्ये ५० टन. सरासरी ४५. कारखान्यातच वाया गेलेल्या वेष्टनाची सरासरी १ टन मिळवा. २०२५-२६ची जबाबदारी झाली ४६ टन, पूर्ण १०० टक्के. त्यातलं किमान ४० टक्के, म्हणजे १८.४ टन, पुनर्चक्रणातूनच भागवावं लागतं. त्या वर्षासाठी वर्ग १ला हेच प्रमाण ६० टक्के आहे.

हे पुनर्चक्रण नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेऊन दाखवता येतं. प्रमाणपत्र त्याच वर्गाचं हवं. वर्ग २चं वर्ग ३ला चालत नाही. पैसे देण्यापूर्वी पुनर्चक्रण करणाऱ्याची नोंदणी आणि वर्षाची क्षमता पाहा. क्षमतेपेक्षा जास्त प्रमाणपत्रं विकायला काढणाऱ्याकडे कचरा पोहोचलेलाच नसतो, आणि सगळा खटाटोप त्या कचऱ्यासाठीच आहे.

वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत भरायचं असतं. तूट राहिली तर पर्यावरण भरपाई बसते. ती भरूनही जबाबदारी टळत नाही, तूट तीन वर्षं पुढे ओढली जाते. ती एका वर्षात भरून काढली तर भरपाईचे ७५ टक्के परत मिळतात, दोन वर्षांत ६०, तीन वर्षांत ४०.