हार्ड डिस्क ‘घेऊनच नाही रायली’ तर

ब्रह्मपुरीपासून आत, खेड्यात माझं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं, उन्हाळ्यात लग्नं. टेबलावर कोणाची ना कोणाची हार्ड डिस्क पडलेलीच असते. मागच्या आठवड्यात एक काका आले. "भाऊ, हे डिस्क काही घेऊनच नाही रायली. पोराच्या लग्नाचे फोटो टाकाचे हायेत. राइट-प्रोटेक्टेड म्हणते. फॉरमॅट मारून द्या."

फॉरमॅट म्हणजे लोकांना डोकेदुखीची गोळी वाटते. आत काय आहे, विचारलं. थोरल्या मुलीचं अख्खं लग्न होतं, आणि दुसरी कॉपी कुठंच नाही!

म्हणून आधी माल बाहेर काढा. राइट-प्रोटेक्टेड म्हणजे डिस्कवर लिहायला कुलूप; ते आत टाकायला असतं, बाहेर काढायला नाही. सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. चारशे जीबी असेल आणि पोर्ट यूएसबी २.० चा असेल तर साडेतीन-चार तास धरून चला. आमच्याकडे लाइनचा भरवसा नाही, म्हणून मी हे काम लॅपटॉपवरच करतो.

मग डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला, दुसरी केबल घेऊन लावा. जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला लावूच नका, मागच्या पोर्टला लावा. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० चा ९००. करंट कमी पडला की डिस्क टकटक करते. दुसरीकडे सगळं नीट चाललं तर दोष पहिल्या कॉम्प्युटरचा. ऑफिसातल्या मशीनवर यूएसबीत लिहिणं कित्येकदा मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, तिथं हात घालू नका. मॅकवर अडत असेल तर बहुतेक बिघाड नसतोच. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली डिस्क मॅक फक्त वाचतो. आणि मेमरी कार्ड अडॅप्टरमध्ये असेल तर आधी बाजूची बारीक खिट्टी वर सरकवा. या खिट्टीपायी लोक पार नागपूरला जाऊन आलेले आहेत.

काकांची डिस्क दोन्हीकडे अडली. आता डिस्कपार्ट, म्हणजे विंडोजमधलंच डिस्क सांभाळायचं साधन. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ घ्या. हुकूम इंग्रजी अक्षरांत लिहायचे: डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क. साइज बघून आपली डिस्क ओळखा आणि सिलेक्ट डिस्कपुढे तिचा नंबर द्या. नंबर दोनदा बघा. तिथंच ‘क्लीन’ नावाचा हुकूम आहे, तो सगळी मांडणी पुसतो आणि ‘खरंच पुसू का’ असंही विचारत नाही. एकदा घाईत मी नंबर चुकवला आणि स्वतःचाच बॅकअप पुसून बसलो.

पुढे अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क लिहा. ‘रीड-ओन्ली’समोर येस दिसलं तर अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली. बहुतेक लोक इथंच थांबतात. काकांच्या डिस्कवर तर सरळ नो होतं. अशा वेळी डिस्कवरचा व्हॉल्यूम, म्हणजे ज्याला ड्राइव्हचं अक्षर मिळतं तो भाग, तपासा: लिस्ट व्हॉल्यूम करा, सिलेक्ट व्हॉल्यूमपुढे नंबर द्या आणि अ‍ॅट्रिब्यूट्स व्हॉल्यूम बघा. कारण व्हॉल्यूमवर लावलेलं कुलूप डिस्कसोबतच फिरतं, कोणत्याही कॉम्प्युटरला लावा. तिथं येस सापडलं. अ‍ॅट्रिब्यूट्स व्हॉल्यूम क्लिअर रीडओन्ली, एंटर, झालं.

टीव्हीला लावून तशीच उपटायची सवय असेल तर यानंतर एक्झिट लिहून डिस्कपार्टमधून बाहेर या आणि डिस्कमधल्या चुका दुरुस्त करणारं चेकडिस्कही चालवा: chkdsk, मग ड्राइव्हचं अक्षर, कोलन, स्लॅश एफ. पण कॉपी झाल्याशिवाय नाही; मरायला टेकलेली डिस्क या मेहनतीनं लवकर जाते. कुलूप निघतच नसेल, किंवा निघून पुन्हा लागत असेल, तर बहुतेक डिस्कचा जीव संपत आला समजा. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी तर चिप झिजली की कित्येकदा स्वतःच लिहिणं बंद करतात. त्यावर सॉफ्टवेअरचा उतारा नाही.

काकांसमोरच एक फोटो टाकून दाखवला. तरी हे कुलूप लावलं कोणी? मी विचारल्यावर त्यांनी नागपूरच्या पुतण्याला फोन लावला. स्पीकरवर तो म्हणाला, "मीच लावलं होतं ना काका. पोट्टे फोटो उडवत होते. तुम्हालेच सांगायचं राहून गेलं."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लग्न झाल्यावर पुन्हा लावून द्या."