जुनी गाडी नावावर करताना या चुका टाळा

जुनी गाडी घेताना लोक टायरची झीज बघतात, रंग कुठे मारलाय ते नखाने खरवडून बघतात, ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतात. कागदांचा विषय निघाला की मात्र "ते एजंट बघेल." इथेच घोळ सुरू होतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे गाडीचा मालक बदलायच्या अर्जांवर, सह्या करून मोकळं होणं. "साहेब, सही करून ठेवा, गिऱ्हाईक मिळालं की नाव भरतो" हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरतं. इस्लामपूरच्या माझ्या मामांनी असंच केलं. एका दलालाला अल्टो दिली, पैसे बँकेत आले, विषय संपला असं धरून चालले. गाडी पुढे दोन हात फिरली, पण नाव कुणीच बदललं नाही, कारण बदललं की खर्च. मग साताऱ्याजवळ तिने एका दुचाकीस्वाराला उडवलं. विमा केव्हाच संपलेला. मोटार अपघात दावा प्राधिकरणाची नोटीस आली ती थेट मामांच्या दारात.

"अरे, पण गाडी मी विकलीय ना!" मामा हे ज्याला त्याला सांगत होते. कायद्याच्या लेखी मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. तिथेही गाडी हातोहात विकली गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी आली ती नोंदणीकृत मालकावरच. मामांचं प्रकरण अजून चालूच आहे.

राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मी स्वतः अर्ज दाखल झाल्याशिवाय किल्ली देत नाही, आणि घेताना थोडी रक्कम हातात ठेवतो. परिवहनच्या संकेतस्थळावर माझं नाव दिसलं की मगच ती देतो. समोरच्याला राग येतो. येऊ दे. डीलरलाच गाडी द्यायची असेल तर तो अधिकृत आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी सोपवल्याची नोंद फॉर्म २९सी भरून करता येते. डीलर त्याला टाळाटाळ करत असेल तर दुसरा गाठा.

दुसरा माझा आवडता राग म्हणजे आरसीवरचा बोजा, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर असलेली बँकेच्या कर्जाची नोंद. "कर्ज फिटलंय हो, हे बघा बँकेचं पत्र." पत्र असेल, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे ना? ते काढायला बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र लागतं. हे पत्र बहुतेक वेळा तीन महिन्यांचंच असतं, आणि लोक ते फाइलमध्ये वर्षभर जपून ठेवतात! बोजा विकणाऱ्यानेच उतरवून द्यावा, या मतावर मी ठाम आहे. "बोजा आणि नावबदल, दोन्ही कामं एकदम करून देतो" म्हणणारे शॉर्टकटवाले मला नकोत.

बाकीचं थोडक्यात. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर टॉर्च मारून स्वतः वाचा, आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. इ-चलानं पैसे देण्याआधी तपासा. गोव्याची गाडी स्वस्त पडते म्हणून आणताय? १२ महिन्यांच्या वर ती इथे ठेवायची तर महाराष्ट्राचं पासिंग आणि इथला कर आलाच. तो हिशेब किमतीत धरा. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीचं नुकसान झाल्यावर कंपनी हात वर करेल. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा. त्याचा फास्टॅगही काचेवरून काढा आणि स्वतःचा लावा.