धुरकटलेल्या घराला रंग देताना या चुका टाळा

नाशकात सिडकोतलं जुनं रो-हाउस आम्ही घेतलं, तेव्हा हॉलच्या भिंती बदामी रंगाच्या आहेत असं आम्हाला वाटत होतं. भिंतीवरची एक जुनी तसबीर उतरवली आणि तिच्यामागे पांढरास्वच्छ चौकोन निघाला. बदामी दिसत होता तो वर्षानुवर्षांचा विडीचा धूर. मागच्या खोलीत बंब आणि चूल, तिथलं छत तर काळं कुळकुळीत. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. रंगाऱ्याने भिंती कुंच्याने झाडल्या, ऑफ-व्हाइटचे दोन हात मारले, घर उजळलं. तुळशीच्या लग्नापर्यंत त्याच भिंतीवर चहा सांडल्यासारखे पिवळट डाग वर आले. आम्ही तिसरा हात मारून घेतला. डाग पुन्हा आले.

इथेच बहुतेकांचे पैसे जातात. रंग पातळ होता, कंपनी हलकी होती, म्हणून अजून एक हात मारू, असं वाटतं. तंबाखूच्या धुराचा थर पाण्यात विरघळतो आणि डिस्टेंपर असो की इमल्शन, दोन्ही पाण्यातलेच रंग. ओला रंग भिंतीवर बसला की खालचा डाग सुटतो आणि पाणी वाळताना त्याच्याबरोबर वर येतो. म्हणजे प्रत्येक नव्या हाताबरोबर आपण डागाला नवं पाणी पाजतो. रंग कितीही महाग घ्या, हे थांबत नाही.

न धुता रंगवणं

आधी एक पांढरी ओली चिंधी भिंतीवरून फिरवा. चिंधी पिवळी झाली तर भिंत धुवायलाच हवी. बादलीभर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा पुरतो. हातमोजे घाला, कारण सोड्याने कातडीची आग होते. त्या खोलीची वीज मेनवरून बंद करा, नाहीतर स्विचबोर्डात पाणी जाईल. आणि भिंत खालून वर धुवा. ऐकायला उलटं वाटतं, पण वरून सुरुवात केली की मळकं पाणी खालच्या कोरड्या भिंतीवर ओघळतं आणि ते ओघळ नंतर घासूनही जात नाहीत. मग साध्या पाण्याने दोनदा पुसून काढा. सोडा भिंतीवर राहिला तर वरचा रंग नीट धरत नाही. आमच्या एका भिंतीला चार बादल्या लागल्या. पहिल्या बादलीचं पाणी कोऱ्या चहासारखं, चौथीचं जवळजवळ स्वच्छ.

चुलीच्या काजळीचं मात्र वेगळं. तिला आधी पाणी लावू नका. ओल्या फडक्याने चोळली की ती गिलाव्यात आणखी आत मुरते. आधी मऊ कुंच्याने किंवा कोरड्या स्पंजने हलक्या हाताने उतरवा, मगच सोड्याचं पाणी. आणि भिंत चुन्याची असेल, म्हणजे बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल, तर धुण्यात वेळ घालवू नका. पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांत हे नेहमी दिसतं. तो चुना पूर्ण खरवडूनच काढावा लागतो, नाहीतर रंगासकट पोपडे पडतात.

खरवडताना एक काळजी घ्या. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून, वॉटर पेपरने घासा, तोंडाला मास्क लावा आणि लहान मुलांना त्या दिवसांत घरात ठेवू नका.

लांबी (पुट्टी) मारली की झाकलं जाईल, हा समज

लांबीही पाण्यातच कालवतात, त्यामुळे डाग तिच्यातूनही वर येतो, शिवाय तेलकट भिंतीवर ती पकड घेत नाही. डाग अडवायला ऑइल प्रायमरच लागतो, टर्पेंटाइनने पातळ होणारा. दुकानात नुसतं 'प्रायमर' म्हटलं की पाण्याचा हातात देतात, म्हणून सॉल्व्हंटवाला असं स्पष्ट सांगा. धुतलेली भिंत पूर्ण सुकल्यावर त्याचा हात, खड्ड्यांना ॲक्रिलिक लांबी, घासणं, लांबीच्या जागी पुन्हा प्रायमर, मग इमल्शनचे दोन हात. हट्टी डागावर सुतार पॉलिशला वापरतात तो स्पिरिटमधला चपडाही (लाख) चालतो. तो वासही अडवतो. ही कामं करताना खिडक्या उघड्या ठेवा, आणि गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती काही पेटवू नका.

सगळं घर रंगवण्याआधी छताजवळच्या कोपऱ्यात, जिथे धूर सगळ्यात जास्त साठतो, दोन फूट चौकोनात पूर्ण प्रक्रिया करून बघा. दोन दिवसांत पिवळेपणा आला नाही तरच पुढे जा. हे मी सगळ्यांना सांगते, कारण याला खर्च काहीच नाही.

रंग देऊन झाला आणि डाग आलेच, तर फक्त डागावर टचप करू नका, ठिगळ दिसतं. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घासा, ऑइल प्रायमरचा हात मारा, मग दोन हात. आम्ही शेवटी हेच केलं.

हंगामाचंही बघा. श्रावणात भिंती सुकत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत नाशकात पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा इमल्शनचा थर नीट जमत नाही. काम ऊन चढल्यावर सुरू करा आणि दुपारीच आवरा.

वास राहिलाच तर पंख्याची पाती, स्विचच्या पट्ट्या आणि भिंतीतल्या कपाटांचे आतले कप्पे तपासा. आमच्याकडे वास कपाटातून येत होता. आणि वास्तुशांतीच्या मुहूर्तासाठी रंगाची घाई करू नका. होमाचा धूर ताज्या रंगाला लगेच चिकटतो. आम्ही होम अंगणात केला आणि हॉलचा शेवटचा हात दुसऱ्या दिवशी मारला.