दात पांढरे करताय? पुढच्या दातातलं सिमेंट विसरू नका

"डॉक्टर, सगळे दात उजळले, मग हा एवढाच डाग मागे कसा राहिला?" विश्रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात एक मुलगी आरसा नाकाशी धरून विचारत होती. लग्न आठ दिवसांवर आलेलं. लहानपणी पडून पुढच्या दाताचा टवका उडाला होता, तिथे सिमेंट भरलेलं. (आपण सिमेंट म्हणतो, असतं ते कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण.) ते होतं तसंच होतं, आजूबाजूचा दात उजळल्यामुळे उठून दिसायला लागलं.

व्हाइटनिंगच्या जेलमधलं पेरॉक्साइड दाताच्या आतल्या रंगद्रव्यांवर काम करतं. कॉम्पोझिट किंवा सिरॅमिक कॅपचा मूळ रंग त्याने उजळत नाही. म्हणून 'अजून एक सिटिंग करा, जरा स्ट्राँग जेल लावा' असा हट्ट धरू नका. दातच आणखी पांढरा होईल, फरक वाढेल आणि गार पाण्याने कळ येईल ती वेगळीच.

दुसरी चूक घाईची, आणि खरं सांगते, ती आम्हा डॉक्टरांकडूनही होते: व्हाइटनिंग झाल्या झाल्या नवं सिमेंट भरणं. जेलमुळे दातात उरलेला ऑक्सिजन कॉम्पोझिटला नीट घट्ट होऊ देत नाही, पकड कच्ची राहते. शिवाय त्या दिवशी दात कोरडा पडून जास्तच पांढरा दिसतो. त्या रंगाशी जुळवलेलं सिमेंट पुढे वेगळं दिसतं. किमान दोन आठवडे जाऊ द्या. लग्नासाठी करायचं असेल तर महिना-दीड महिना आधी या. त्या मुलीचं सिमेंट मी फक्त पॉलिश केलं. वरचा चहाचा थर निघाला, निभावलं. बदललं ते लग्नानंतर.

सिमेंटच्या कडेला तपकिरी रेघ दिसत असेल तर आधी तपासून घ्या. खाली कीड असू शकते, आणि फटीतून जेल आत गेलं तर दात ठणकतो.

आपली सांगलीची हळद कॉम्पोझिटला पटकन धरते. व्हाइटनिंगनंतर दोन दिवस दहीभातावर काढा. रस्सा नको, चहा नको. मिश्री सुटत नसेल तर व्हाइटनिंगवर पैसे घालूच नका. लिंबू-सोड्याने तर दात मुळीच घासू नका, वरचं आवरण झिजून खालचा पिवळा थर दिसायला लागतो.

आणि जेल लावण्याआधीच विचारा: पुढचं किती सिमेंट, किती कॅप बदलावे लागतील, त्याचे वेगळे किती होतील?