उन्हाळी शिबिराचे शुल्क ऐपतीनुसार कसे ठरवावे

मे महिन्यात शाळा बंद असतात, पण धुणीभांडी, सुरक्षारक्षकाची पाळी आणि बांधकामावरची रोजंदारी सुरूच असते. ज्या मुलांना सुट्टीत दिवसा सांभाळायला घरी कोणी नसते, त्यांना शिबिराची गरज सर्वांत जास्त असते आणि सरसकट शुल्कामुळे नेमकी तीच मुले बाहेर राहतात. वाचनालय, क्रीडा मंडळ किंवा गृहनिर्माण संस्था यांना सगळ्यांसाठी मोफत शिबिर घेणे सहसा परवडत नाही. त्यांना एक मार्ग खुला आहे. एकाच शिबिराचे तीन-चार दर जाहीर करावेत आणि आपल्याला झेपेल तो दर प्रत्येक कुटुंबाला स्वतः निवडू द्यावा.

सुरुवात खर्चाच्या हिशेबाने करावी, आणि त्यात दोन रकाने वेगळे ठेवावेत. एका रकान्यात मुले कितीही आली तरी न बदलणारा खर्च लिहावा आणि दुसऱ्यात प्रत्येक मुलामागे वाढणारा. उदाहरणादाखल १० दिवसांचे, सकाळच्या वेळेचे, ४० मुलांचे शिबिर घेऊ. मार्गदर्शकांचे मानधन २४,००० रुपये, सभागृहाचे भाडे, वीज व स्वच्छता १०,००० रुपये आणि छपाई, प्रथमोपचार व किरकोळ बाबी ६,००० रुपये, असा स्थिर खर्च ४०,००० रुपये होतो. खाऊचे ४००, साहित्याचे ३०० आणि एका सहलीचे ३०० असे प्रत्येक मुलामागे १,००० रुपये लागतात, म्हणजे ४० मुलांचे आणखी ४०,००० रुपये. एकूण ८०,००० रुपये खर्चाला ४० ने भागले की एका मुलाचा खरा खर्च २,००० रुपये निघतो. मात्र जी जागा एरवी रिकामीच राहिली असती, तिच्यावर मूल घेतल्याने वाढणारा खर्च केवळ १,००० रुपये असतो. कमी दर ठरवताना हे दोन्ही आकडे समोर असावेत.

या शिबिरासाठी ३,०००, २,०००, १,००० आणि ३०० रुपये असे चार दर ठेवता येतील. आठ कुटुंबांनी पहिला, सोळांनी दुसरा, दहांनी तिसरा आणि सहांनी चौथा दर निवडला, तर ६७,८०० रुपये जमतात आणि १२,२०० रुपये कमी पडतात. जास्तीचा दर फक्त चौघांनी निवडला आणि तिसऱ्या व चौथ्या दरात अनुक्रमे बारा व आठ मुले आली, तर जमा ५८,४०० रुपयांवर येते आणि तूट २१,६०० रुपयांची होते. नियोजन या दुसऱ्या हिशेबावरच करावे. सुमारे २२,००० रुपये देणगीतून किंवा संस्थेच्या शिलकीतून हाती आल्याशिवाय नोंदणी उघडू नये. जास्त दर भरणारे सगळी तूट भरून काढतील, या भरवशावर राहिलेल्या शिबिरात शेवटच्या आठवड्यात मार्गदर्शकांचे मानधन थकते, आणि मार्गदर्शकांपैकी कित्येकांची ऐपतही बेताचीच असते.

आता सर्वांत नाजूक प्रश्न, म्हणजे पुराव्याचा. माझे स्पष्ट मत आहे की उत्पन्नाचा दाखला मागू नये. त्यासाठी तलाठी आणि तहसील कार्यालयाचे हेलपाटे घालावे लागतात आणि त्यात रोजंदारीवरच्या आईचे खाडे पडतात. शिधापत्रिकेचा रंगही भरवशाचा नाही. महाराष्ट्रात केशरी शिधापत्रिकेची वार्षिक उत्पन्नमर्यादा १ लाख रुपये आहे, त्यामुळे महिना १०,००० रुपये कमावणारे घरसुद्धा नियमाने पांढऱ्या शिधापत्रिकेत जाते. त्याच घरात आजारपण किंवा कर्जाचा हप्ता असेल, तर कोणत्याही कागदावर ते दिसत नाही. म्हणून दरांचे वर्णन उत्पन्नाच्या आकड्यांऐवजी परिस्थितीच्या शब्दांत करावे: ‘महिन्याची मिळकत भाडे, किराणा आणि शाळेतच संपते’, ‘एरवी भागते, पण हा खर्च एकदम जड जातो’, ‘खरा खर्च देऊ शकतो’, ‘आणखी एका मुलाला हातभार लावू शकतो’. अर्जावर एवढेच लिहावे: ‘या शिबिराचा प्रत्येक मुलामागे खर्च २,००० रुपये आहे. आपल्या घराला झेपेल तो दर निवडा. कागदपत्र लागणार नाही. सर्व मुलांना सारखेच साहित्य व खाऊ मिळेल.’

सगळेच कमी दर निवडतील अशी भीती कार्यकारिणीच्या बैठकीत हमखास व्यक्त होते. खरा खर्च ठळक छापणे हा तिच्यावरचा पहिला उपाय आहे, कारण आकडा समोर असला की बहुतेक माणसे विचार करून निवडतात. दुसरा उपाय जागांचा. हाती असलेल्या निधीत कमी दराच्या किती जागा बसतात ते आधी ठरवावे आणि त्यापुढील अर्ज प्रतीक्षायादीत ठेवून आणखी देणगी मिळवावी. एखाद्या सधन घराने गैरफायदा घेतलाच, तर तेवढे नुकसान सोसावे. त्याला पकडण्यासाठी उरलेल्या वीस आयांची चौकशी करणे अन्यायाचे ठरेल.

प्रथम येणाऱ्यास प्राधान्य हा नियम वरवर न्याय्य वाटतो, परंतु व्हॉट्सॲपवर आलेला अर्ज पाच मिनिटांत भरणारी घरेच त्याने सगळ्या जागा घेतात. वरच्या उदाहरणात वीस जागा एप्रिलच्या अखेरपर्यंत राखून ठेवाव्यात. अंगणवाडी सेविका, महापालिकेच्या शाळेतील शिक्षक आणि सोसायटीत कामाला येणाऱ्या महिला यांच्या हाती छापील अर्ज द्यावेत. अर्ज भरायला मदत लागेल हे गृहीत धरून एक माणूस संध्याकाळी बसवावा, कारण दिवसा कोणाला सवड नसते. हप्त्याची सोय असावी, पण शेवटचा हप्ता जूनमध्ये जाऊ देऊ नये. तेव्हा वह्या, गणवेश आणि दप्तराचा खर्च डोक्यावर असतो.

कोणी किती भरले हे फक्त खजिनदाराला माहीत असावे. मार्गदर्शकांच्या हजेरीपटावर नाव, वय, पालकांचा संपर्क आणि आरोग्याची नोंद एवढेच असावे. यूपीआयने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पालकांच्या गटात टाकायला सांगणे ही सवय बंद करावी, कारण त्यातून प्रत्येकाची रक्कम सगळ्यांना दिसते. ‘सवलतीची मुले’ असा शब्दप्रयोग संस्थेच्या अंतर्गत बोलण्यातही नको, कारण तो मुलांच्या कानावर पडायला वेळ लागत नाही. समारोपात देणगीदाराच्या हस्ते काही मुलांनाच वेगळी भेट देणे तर कटाक्षाने टाळावे.

शुल्क कमी केले तरी सोबत आणायच्या वस्तूंची यादी घराला भारी पडू शकते. पांढरे कॅनव्हास बूट, पांढरा टी-शर्ट, रंगपेटी आणि सहलीचे वरचे पैसे हे सगळे मिळून चौथ्या दराच्या दुपटीहून जास्त होतात. साहित्य शिबिरातच द्यावे, कपडे घरचे चालतील असे लिहावे आणि जागा लांब असेल तर बसभाडे खर्चात धरावे.

जास्त दर भरणाऱ्यांना कोणतीही खास वागणूक देऊ नये, मात्र हिशेब जरूर द्यावा. मुलासाठी भरलेले शुल्क ही देणगी नव्हे, त्यामुळे प्राप्तिकर सवलतीची पावती त्यावर देता येत नाही. संस्थेला तशी मान्यता असेल तर देणगी स्वतंत्रपणे, प्रवेशाशी न जोडता घ्यावी. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे.

शिबिर संपल्यावर आठवडाभरात एकूण जमा, एकूण खर्च आणि प्रत्येक दरातील मुलांची संख्या, नावांशिवाय, सूचनाफलकावर लावावी. नोंदणी करूनही न आलेल्या घरांना फोन करून कारण विचारावे. पैशापेक्षा वेळ किंवा अंतर आड आले असेल, तर पुढच्या वर्षी दर बदलण्याऐवजी शिबिराची वेळ किंवा जागा बदलावी लागेल.